गंगूअक्काची फेक

गंगूअक्का कुठल्याही दारातून आडवी होऊन आत शिरायची नाही. दार अरुंद असलं की ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि आतल्या माणसाला हाक घालायची, "बाहीर या. तुमचं दार बारीक हाय."

दारच बारीक असायचं. खुर्च्या बारीक असायच्या, टांग्याची बैठक बारीक असायची, कासाराच्या बांगड्याही बारीकच असायच्या. 'मी जाड आहे' हे वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही आणि दुसऱ्या कुणाची ते तिच्यासमोर बोलायची छाती नव्हती. आमच्या बँकेत मॅनेजरच्या खोलीकडं जायला काउंटरच्या कडेला एक झुलतं फळकूट होतं. अक्का पहिल्यांदा बँकेत आली तेव्हा तिनं ते एका बोटानं ढकललं, परत येऊ दिलं आणि तिथूनच आवाज टाकला, "म्यानेजरसायेब, बाहीर या की! तुमचं दार बारीक हाय." आमचे मॅनेजर पुण्याचे. ते सहसा स्वतःच्या कामासाठीसुद्धा बाहेर येत नसत. पण आले. शिपायानं खुर्ची आणली. अक्कानं खुर्चीकडं एकदा पाहिलं, "ही बी बारीक हाय" म्हणाली आणि चक्क फरशीवर मांडी घालून बसली. मग मॅनेजरना तिच्यासमोर उकिडवं बसून कागद दाखवावे लागले. खाली तिनं कानडीत ठसठशीत सही केली. त्या दिवसापासून बँकेत माझा भाव थोडा वाढला, कारण ही बाई माझी घरमालकीण आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

बदली होऊन मी सोलापूरला आलो ते दिवस अजून गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या सोलापूरचे होते. लोकांच्या मनगटावर घड्याळं होती, पण विश्वास भोंग्यावर होता. अक्काच्या वडिलांनी बांधलेली एक बैठी चाळ होती. एका टोकाला अक्का राहायची, दुसऱ्या टोकाला मी आणि माझी बायको मंदा. मधल्या खोल्यांतून विणकरांची तेलुगू बिऱ्हाडं. अक्काचं मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडं, त्यामुळं राग आला की ती कानडीत शिरायची आणि राग गेला की मराठीत परत यायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं, आणि आवाज असा की भोंग्याच्या वेळी बोलली तरी ऐकू येई. चाळीतलं शेंबडं पोरही तिला 'ए अक्का' म्हणायचं. मग मीही तेच म्हणू लागलो.

तिचं एक पालुपद होतं, "अंगाला इचारा."

डॉक्टरांनी तिला सकाळी चालायला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी माज्या अंगाला इचारलं का? त्ये झोपा म्हनतंय." मी नवे बूट आणले तर ते चावतात हे माझ्या आधी तिला कळलं. "पायाला न इचारता आनलासा की. आता ऐका त्याचं." मंदाच्या हातचा स्वयंपाक, माझी सायकल, शेजारच्या पोराचं कुस्तीचं वेड, सगळ्याला तिचा हाच एक काढा होता. आता अंगाला विचारून सगळंच बरं होतं असं नाही. मला एकदा खोकला झाला तेव्हा 'तुमचं अंग ताक मागतंय' असं तिनं छातीठोकपणे सांगितलं, आणि ते ताक प्यायल्यामुळं मी पुढचे कितीतरी दिवस कुत्र्यासारखा खोकत होतो. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग तुमचं अंग खोटं बोललं. बांबूसायेब, तुमचं अंग लबाड हाय." उंची आणि रोडकेपणा या दोन गोष्टींवरून तिनं मला हे नाव ठेवलं होतं. बँकेतही ते पोहोचलं होतं.

तर एका दिवाळीला अक्काचा भाचा अमेरिकेहून आला. इंजिनियर होता. मावशीला त्यानं आणलं काय, तर लालभडक प्लास्टिकची एक तबकडी आणि तिच्याबरोबरचा घडीचा इंग्रजी कागद. तिकडं म्हणे बागांमधून खांबांना साखळ्यांच्या टोपल्या लावतात, आणि ही तबकडी फेकत फेकत एका टोपलीकडून दुसरीकडं जातात. सगळ्यांत कमी फेकींत जो सगळ्या टोपल्या गाठेल तो जिंकला. मोठी मोठी माणसं रविवारी हा उद्योग करतात. भाच्यानं एकदा फेकून दाखवली, ती कौलांवर गेली, काठीनं काढली आणि चार दिवसांनी तो निघून गेला.

तबकडी आकारानं भाकरीएवढी होती. अक्कानं तिचा उपयोग ताबडतोब ठरवला. भाकरीची बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली, तिच्यावर झाकण. महिनाभर ते झाकण छान बसलं. मग एकदा घाईत तिनं ते चुलीच्या कडेला टेकवलं आणि तबकडीची एक बाजू मऊ होऊन खाली लोंबली. अक्का कानडीत शिरली. चुलीला, अमेरिकेला आणि भाच्याला एकत्र शिव्या देत तिनं ते झाकण बसल्या जागेवरून दारातून बाहेर भिरकावलं.

मी तेव्हा तिच्या दारासमोर उजेडाला बसून दाढी करत होतो. तबकडी माझ्या कानावरून गेली, अंगणातल्या कडुलिंबाला वळसा घालून डावीकडं वळली आणि पलीकडं बिड्या वळत बसलेल्या, मधल्या खोलीतल्या नरसम्माच्या सुपात, पानांच्या मधोमध, अलगद जाऊन बसली. नरसम्मा किंचाळली. दचकून तिनं सूप उडवलं आणि पानं तिच्याच डोक्यावर पडली. अक्का दारात आली, सुपाकडं बघितलं, झाडाकडं बघितलं आणि मग कितीतरी वेळ स्वतःच्या मनगटाकडं बघत राहिली.

"यव्वा," ती हळूच म्हणाली. "ह्ये मी क्येलं?"

काय केलं होतं ते तिनं आम्हाला नंतर परातीपाशी बसवून समजावलं. थापलेली भाकरी हातावर घ्यायची, तव्यावर नेऊन सोडायची. सोडताना खांदा हलत नाही, कंबर हलत नाही. कोपर बरगडीला टेकलेलं असतं आणि मनगट तेवढं एकदा झोका खातं. तो झोका चुकला तर भाकरी मोडते. लहानपणापासून रोज ती हे करत आली होती. तबकडीही तिनं तशीच सोडली होती, फक्त जरा रागानं. आणि ती एका अंगानं वितळल्यामुळं दर वेळी डावीकडं वळायची. मी म्हटलं, तबकडी बिघडली आहे. अक्का भडकली. "बिगडली कशानं? तिची खोड हाय ती. तिच्या खोडीनं घ्यायचं."

चाळीला लागून एका शाळेचं मैदान होतं. त्याच्या कडेनं कडुलिंबाची झाडं. अक्कानं जुन्या बुट्ट्या गोळा केल्या आणि झाडांच्या खालच्या फांद्यांना सुतळीनं टांगल्या. पहिल्या भोंग्यानंतर पुरुषमाणसं गिरणीत गेली की शाळा भरेपर्यंत मैदान रिकामं असे. तेवढ्या वेळात चाळीतल्या बायका पदर खोचून तबकडी फेकू लागल्या. ज्या बायका पाणी भरण्यापलीकडं घराबाहेर दिसत नव्हत्या त्या मैदानावर ओरडताना ऐकून मला पहिल्या दिवशी वाटलं आग लागली.

अक्का प्रत्येकीला निराळं शिकवायची. खरं तर शिकवायची नाही, नुसती भोवती फिरायची आणि तपासायची. नरसम्मा दिवसभर बिड्या वळून पाठीत वाकलेली, उभी राहिली की तिचा तोल जायचा. "मंग बस की," अक्का म्हणाली. "बसून फेक. कुनी सांगितलं उबंच ऱ्हायला पायजे?" नरसम्मा उकिडवी बसली आणि बिडीला दोरा गुंडाळणाऱ्या बोटांनी तबकडीला अशी गिरकी दिली की ती गवताला चाटत थेट झाडाखाली गेली. मंदा चिमणीएवढी. ती दात-ओठ खाऊन जोर लावायची आणि तबकडी तिच्याच पायाशी पडायची. अक्कानं तिचा दंड धरला. "तुजं अंग हलकं हाय, मंग हलकंच फेक. जोर कशाला उसना आनतीस?" मंदानं दोन पावलं पळत जाऊन नुसती सोडून दिली. वाऱ्यानं ती उचलून नेली. माझी बायको त्या दिवशी घरी येऊन आरशासमोर उभी राहिली आणि आपल्याच हाताकडं कौतुकानं बघत होती. लग्न होऊन आलेली मंदा सोलापुरात हसायला त्या दिवशी लागली असं मला वाटतं, आणि त्याचं श्रेय मला नाही.

माझ्याबद्दल अक्काचं मत असं की माझे हात लांब आहेत पण आत माणूस नाही. तरी रविवारी मलाही दोन फेकी मिळायच्या.

कवठेकर सर त्या शाळेत पी.टी. शिकवत. पन्नाशीचे, उंच, काटक, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. रविवारीसुद्धा शिट्टी. त्यांना मैदानावर बायका दिसल्या तेव्हा ते हाकलायला आले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. त्यांना तबकडीत रस होता. तो इंग्रजी कागद त्यांनी मागून नेला, शब्दकोश घेऊन वाचला आणि दुसऱ्या रविवारी त्याचं मराठी करून आणलं. कागदावर एका उंच, सपाट, पिवळ्या केसांच्या माणसाची चित्रं होती.

"उजवा खांदा निशाणाकडे," सर वाचू लागले. "तबकडी डाव्या काखेपाशी न्यावी. कंबर वळवावी. तबकडी छातीलगत सरळ रेषेत ओढून सोडावी."

"कशालगत?" अक्का म्हणाली.

सर जरा अडखळले. "छातीलगत."

"सरळ रेगंत?"

"हो. सरळ रेषेत."

अक्कानं स्वतःकडं खाली पाहिलं. मग सरांकडं पाहिलं. "सर, ह्ये सांगनाऱ्याची छाती म्हंजे पाट हाय. हितं सरळ रेग कुटनं आनू? हितं घाट लागतोय."

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. सर कानापर्यंत लाल झाले, पण हटले नाहीत. "अक्का, गंमत वेगळी आणि तंत्र वेगळं. तंत्र म्हणजे तंत्र. ते सगळ्यांना सारखंच असतं."

"तंतर काय आबाळातनं पडलं का?" अक्का म्हणाली. "कुनाच्या तरी अंगातनंच निगालं की. त्याच्या अंगातनं त्याचं निगालं. आमच्यातनं आमचं निगल."

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी सोमवारी बँकेत ते मॅनेजरना ऐकवलं. त्यांना आवडलं नाही. ज्यांच्या हातात नियमांचं पुस्तक असतं त्यांना असली वाक्यं आवडत नाहीत, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं आहे. आणि अशा माणसांशी माझं कधी जमलंही नाही.

भांडण वाढत गेलं. सर रोज येऊन बायकांची कोपरं सरळ करू लागले. नरसम्माला उभं करू लागले. ती उभी राहिली की पडायची. शेवटी एक दिवस त्यांचाही संयम सुटला. "हे शाळेचं मैदान आहे," ते म्हणाले. "इथं खेळ खेळला जाईल, फेकाफेकी नाही. तुमच्या पद्धतीत एवढा दम असेल तर माझ्याशी खेळून दाखवा. हरलात तर झाडांवरच्या टोपल्या उतरवायच्या आणि सकाळचं मैदान बंद."

"आनि तुमी हरला तर?"

"तर हा कागद फाडून टाकीन."

"फाडू नका," अक्का म्हणाली. "चुलीला लागतोय."

त्या संध्याकाळी नरसम्मा अक्काच्या ओट्यावर येऊन बसली. ती सहसा बोलायची नाही. "अक्का," ती म्हणाली, "दिवसभर पाठ मोडून बसते मी. सकाळी तेवढं एक आभाळ बघायला मिळते. हारू नको." अक्कानं तिच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाली, "हारायला मी काय सर हाय?"

रविवारी सगळी चाळ मैदानाच्या कडेला जमली. गिरणीला सुट्टी, त्यामुळं पुरुषही आले. एकच तबकडी असल्यामुळं आधी अक्कानं सगळी झाडं खेळायची आणि मग सरांनी, असं ठरलं. सरांनी शिट्टी वाजवली. अक्का म्हणाली, "ती वाजवू नका, मला इस्टेशनावर आल्यासारकं वाटतंय."

मग तिनं लुगडं खोचलं, पाय रोवले आणि कोपर बरगडीला टेकवलं. तबकडी उजवीकडं सोडायची आणि तिनं आपल्या खोडीनं डावीकडं वळून यायचं. पहिली बुट्टी दोन फेकींत. दुसरी दोन फेकींत. तिसऱ्या झाडाखाली तर पहिल्याच फेकीत तबकडी बुट्टीत जाऊन बसली आणि सुतळी तुटून बुट्टीच खाली आली. नरसम्मा तेलुगूत नाचली. प्रत्येक फेकीनंतर अक्का सावकाश, डुलत, दम खात तबकडीपर्यंत जायची. कुणी पोरगं तबकडी उचलून द्यायला पळालं तर त्याला हाकलायची. खेळ झाला तेव्हा तिचं सगळं अंग घामानं भिजलं होतं आणि चेहरा असा होता की नवरी मुलगीसुद्धा एवढी फुललेली मी पाहिली नव्हती.

आता सर उभे राहिले. मी त्यांच्या विरुद्ध होतो, तरी सांगतो, त्यांची फेक देखणी होती. खांदा निशाणाकडं, कंबर वळलेली, हात सरळ रेषेत. कागदावरच्या चित्रातला माणूस सोलापुरात उतरल्यासारखा वाटला. वाकड्या तबकडीनं त्यांना थोडा त्रास दिला, पण अर्धी झाडं होईपर्यंत ते अक्काच्या मागं फार नव्हते. मग एका फेकीला ते कंबर वळवताना मध्येच थांबले. तबकडी जवळच पडली. पुढच्या फेकीलाही तसंच. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि पुन्हा खांदा निशाणाकडं केला. चेहरा पांढरा पडला होता. ते मागं पडत चालले होते आणि आमच्या बाजूला कुजबूज सुरू झाली होती. मीही मंदाला म्हटलं, "गेला कागद चुलीत."

अक्का उठली. मैदानाच्या मधोमध चालत गेली, आणि तिच्यामागून मी.

"थांबा," ती म्हणाली. "कमरंत कुटं दुकतंय?"

"दुखत नाही," सर म्हणाले. "तुम्ही बाजूला व्हा. हे नियमात नाही."

"नियमात नसंल, पन कमरंत हाय. कुटं?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच उजवा हात पाठीमागं नेऊन त्यांनी एक जागा दाखवली.

"कवापासनं?"

"झाली बरीच वर्षं." आणि मग, शाळेतलं पोर कबुली देतं तशा आवाजात ते म्हणाले, "कुणाला सांगू नका. पी.टी.च्या माणसाची कंबर गेली म्हटल्यावर..."

अक्कानं त्यांना खांद्याला धरून फिरवलं, अगदी मंदाला फिरवावं तसं. "निशानाकडं तोंड करा. सगळं अंग तिकडं. कंबर मुळीच वळवायची न्हाय, तिला सुट्टी. तुमचे हात लांब हायत, हात पोटाफुडं आना. आता नुस्तं कोपर उगडा. दार उगडल्यागत. जोर नको." सर म्हणाले, असं कुठंच लिहिलेलं नाही. अक्का म्हणाली, "तुमच्या अंगात लिवलंय. वाचा की."

सरांनी फेकली. तबकडी शांतपणे गेली, शेवटी डावीकडं वळली आणि बुट्टीच्या काठावर आपटून आत पडली.

त्यानंतर त्यांनी एकही झाड चुकवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. शेवटच्या झाडापाशी ते हसत होते, आणि शिट्टी गळ्यातून काढून त्यांनी खिशात टाकली होती. मोजदाद झाली तेव्हा त्यांच्या फेकी अक्कापेक्षा एकानं कमी भरल्या.

मैदानावर कुणी टाळी वाजवली नाही. सरांनाच आपण जिंकलो हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांना ते काही फारसं आवडलेलं दिसलं नाही. ते काही बोलायला आले, पण अक्का झाडांकडं निघाली होती. एकेक बुट्टी ती स्वतःच्या हातानं सोडवत होती. नरसम्मा तिच्या मागोमाग तेलुगूत शिव्या देत फिरत होती आणि अक्का त्या खाली मान घालून ऐकत होती.

मी मात्र संतापलो होतो. "अक्का, तो तुझ्या फेकीनं जिंकला!"

"माजी न्हवं," ती म्हणाली. "त्यांच्याच अंगात व्हती. मी नुस्तं इचारलं."

"मग हरलीस कशी? हे काय हरणं झालं?"

"शबूद दिलाय मी, बांबूसायेब. हरले म्हंजे हरले. धरा ही बुट्टी."

संध्याकाळी अक्काच्या मनगटाला सूज आली होती. मंदा तेल गरम करून घेऊन गेली, मी कंदील घेऊन मागं. अक्का ओट्यावर बसली होती आणि बुट्ट्या एकात एक घालून भिंतीशी ठेवल्या होत्या. मंदानं तिचा हात मांडीवर घेतला आणि तेल चोळता चोळता विचारलं, "अक्का, हातातला डाव का सोडलात हो? बायकांचं एवढं मैदान गेलं."

अक्कानं भिंतीशी ठेवलेल्या बुट्ट्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "त्या सरांचं तोंड बगितलंस का? दुकतंय, पन म्हनायचं न्हाय. कागदावानी उबं ऱ्हायचं. तसलं तोंड म्या लई दिस आरशात बगितलंय."

सासरचा विषय अक्कानं आमच्यापुढं कधी काढलाच नव्हता. इतकी वर्षं वडिलांच्या चाळीत राहणारी बाई, नवरा वारला असेल असं आम्ही आपलं धरून चाललो होतो.

"करकंबला दिलं व्हतं मला. सासूची थोरली सून काडीवानी. ती घागर जशी घेई तशीच मी घ्यायची. ती बसल तशी बसायचं, ती जेवंल तेवढंच जेवायचं. माजी कंबर निराळी, माजा हात निराळा. घागर सुटायची. फुटली की सगळी हसायची. त्यो बी हसायचा." ती 'त्यो' म्हणाली तेवढंच, नाव घेतलं नाही. "मंग मी कमी खायला लागले. कमी बोलायला लागले. श्वास बी बारीक घ्यायची बग. तरी मावंना त्या घरात. एकदा बाजाराच्या दिवशी त्यानं मला हितं आनून सोडलं. बाऽच्या दारात. म्हनला, सोमवारी न्यायला येतो."

मंदाचा हात थांबला.

"चोळ की," अक्का म्हणाली. "मी काय कागदाची हाय?"

घरी आल्यावर मंदा जेवली नाही. मलाही झोप लागली नाही. बाहेर बाई एवढी मोठी, आवाज एवढा मोठा, आणि कुठल्या तरी सोमवारी आवरून, पिशवी भरून ती दारात बसली असेल, हे डोळ्यांसमोरून हलेना. मग किती सोमवार बसली असेल ते मी तिला विचारलं नाही. कधीच विचारलं नाही.

सोमवारी सकाळी पहिला भोंगा झाला. पुरुष गिरणीला गेले. एकही बाई मैदानाकडं गेली नाही. नरसम्मा सूप घेऊन बसली होती, पाठ वाकवून, आणि मान वर करत नव्हती. अक्का आपल्या ओट्यावरच चूल मांडून भाकऱ्या थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता. मी कामावर जाण्याआधी उगाच तिच्या ओट्यापाशी रेंगाळत होतो, आणि मंदाला पाणी भरायचं काम काही संपत नव्हतं.

मैदानाच्या फाटकातून कवठेकर सर आले. शिट्टी नव्हती. हातात तबकडी होती, ती त्यांनी धुऊन पुसून लख्ख केली होती. अक्काच्या दारापुढं येऊन ते उभे राहिले.

"अक्का, चला," ते म्हणाले.

अक्कानं वर पाहिलं नाही. "मी हरलेली बाई हाय. शबूद दिलाय."

"शब्द मला दिलाय ना? मी तो परत करतो," सर म्हणाले. "मैदान मोकळं आहे. टोपल्या मी बांधतो. पण मला ती कोपराची फेक अजून नीट येत नाही, आणि तुम्ही नसलात तर मी पुन्हा कागदासारखा उभा राहीन. चला. मी तुम्हाला न्यायला आलोय."

त्या बिचाऱ्या माणसाला काही ठाऊक नव्हतं. मंदानं माझ्याकडं पाहिलं. मी लाज न बाळगता सांगतो, मी तोंड फिरवून उभा राहिलो. परातीतला थापण्याचा आवाज थांबला होता. अक्काचे दोन्ही हात पिठात तसेच होते. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, सरांकडं न बघता घरात गेली आणि दार लोटून घेतलं.

सर गांगरले. "रागावल्या का?" त्यांनी मला विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. आत ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. सर निघावं का थांबावं अशा विचारात एक पाय पुढं, एक पाय मागं करत होते, तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला, जरा फाटलेला, पण चाळभर ऐकू जाईल असा:

"जाऊ नका, थांबा की जरा! न्यायला आलाय न्हवं? मंग चांगलं लुगडं तरी नेसू द्या!"